पाण्याचं दार

नातीच्या वाढदिवसाच्या सकाळी आबिया उठला तो आधी गवत बघायला गेला.

घराखालचं मोठं कुरण जुलै संपत आला तरी घोट्याला लागत नव्हतं. चारशे वीस मेंढ्यांचा हिवाळा या कुरणावर. त्याने वाकून मूठभर गवत उपटलं. मुळं मातीसकट वर आली आणि माती बोटांतून पिठासारखी गळून गेली. हा तिसरा कोरडा उन्हाळा. पहिल्या वर्षी जुन्या गठ्ठ्यांवर भागलं, दुसऱ्या वर्षी जहाजाने गवत मागवलं. यंदा जहाजवाल्यांनी आधीच कळवून टाकलं होतं की मागणाऱ्यांची रांग मोठी आहे, फार आशा धरू नका.

कुरणाच्या वरच्या कडेला जुन्या लोकांचा दगडी बांध होता. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून गाई-मेंढ्या होड्यांत भरून आलेले ते शेतकरी, चार-साडेचारशे वर्षं राहून नाहीसे झाले. त्यांच्या भिंती, त्यांचे बांध फिओर्डच्या, डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या लांब फाट्याच्या, काठाने अजून उभे होते, आणि आबियाच्या घराण्यात त्यांचं नाव आदराने घेत. बांधाच्या पायाशी कोल्ह्याचं एक रिकामं बीळ होतं. त्याच्या शेजारच्या सपाट दगडावर आबिया बसला. त्याचे बाबाही इथेच बसायचे.

जूनमध्ये तुपार्नाकने, म्हणजे त्याच्या मुलीने, डोंगरावरच्या तळ्यातून नळ आणायचं काढलं होतं. तळ्याला चहूबाजूंनी कातळ. पाणी खाली उतरेल अशी सखल जागा एकच, आणि तिथे दगडांची रास. त्या राशीला हात लावायचा नाही, जुने लोक रागावतात, असं बाबांचं सांगणं होतं. आबियाने ते सत्तर वर्षं पाळलं. नळाला तो नाही म्हणाला, आणि तेव्हापासून बाप-लेक हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते.

आज पाहुणे गेले की सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. दोनशे मेंढ्या ठेवायच्या. बाकीच्या सप्टेंबरात कत्तलखान्याला. दोनशेंवर एक घर चालतं, दोन चालत नाहीत, हे तुपार्नाकला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"पोरा, तू इथे आहेस होय!"

तुपार्नाकची पिपालुक धावत आली. नवा अनोरक, टोपीवाला अंगरखा, पांढरा, गळ्याला मण्यांची पट्टी. आबियाने उठून तिचा हात हातात घेतला.

"बाबा, आठ वर्षांचे झालात. अभिनंदन."

"आभारी आहे, पोरा. आत चल, तुझी ताई बोलेत्ते तुला शोधतेय. म्हणते, साखर कुठे लपवलीस?"

चर्चच्या वहीत तिचं नाव पिपालुक योसवा. आबियाचे बाबा योसवा पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात ही जन्मली. नाव ज्याचं, माणूस तोच. म्हणून आबिया तिला बाबा म्हणे, आणि ती चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबाला पोरा म्हणे, आणि या घरात कुणालाही त्यात वावगं वाटत नसे.

*

सालिक, आबियाचा थोरला, त्या वेळी हिमखंडांमधून होडी काढत फिओर्डच्या टोकाकडे येत होता. होडीत पहाटे मारलेला सील. त्याचं काळीज बोलेत्ते आत्याला, एक बाजू शेजारच्या वाडीला, बाकी घरात. वाटणी तोंडपाठ होती.

मेंढ्या त्याला कधीच जमल्या नाहीत. अप्पांनी, म्हणजे आबियाने, अठराव्या वर्षी त्याला कळपामागे पाठवलं, तर तो दोन दिवसांनी तितर घेऊन परत आला आणि कळप डोंगरावरच. त्याबद्दल अप्पा अजून टोमणे मारत. सालिकही ते ऐकून घेत असे. समुद्रावर त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

बर्फाचा एक मोठा तुकडा पुढे जाऊ देण्यासाठी त्याने इंजिन बंद केलं आणि सवयीने काठाकडे बघितलं. डोंगर जुन्या सीलच्या कातड्यासारखा तपकिरी पडला होता. आणि त्या तपकिरीवर एक हिरवी रेघ होती. तळ्याच्या खिंडीतून निघालेली, तिरकी, थेट कुरणाच्या बांधापर्यंत.

त्याने डोळे बारीक केले. लहानपणी आजोबांनी, त्याच योसवांनी, त्याला बर्फावर पालथं झोपवून शिकवलं होतं: रानात सरळ काही नसतं. सरळ दिसलं की तिथून कुणीतरी गेलंय, कोण गेलंय ते शोध.

बर्फ पुढे सरकला. सालिकने इंजिन चालू केलं, पण मान मात्र वळलेलीच ठेवली.

*

दहापासून कॉफी सुरू होती. दारात बुटांचा ढीग वाढे आणि ओसरे. शेजारच्या वाड्यांचे लोक येत, पिपालुकला भेट देत, सगळ्या जातींच्या केकचा एकेक तुकडा चाखत, आणि मागच्यांसाठी खुर्ची रिकामी करून निघत. एकला शेवटचे बूट गेले. मग तुपार्नाकने भांडी घासायला घेतली तेवढ्यात आबियाने घसा साफ केला. तो घसा तिला ठाऊक होता. तिने नळ बंद केला.

"मेंढ्या कमी करतोय," तो म्हणाला. "दोनशे ठेवू."

"आज?" बोलेत्ते आत्या म्हणाली. ती आबियाची थोरली बहीण, एकोणऐंशीची, आणि धाकट्या भावाला अजून नाक पुसायला सांगणारी. "हिच्या वाढदिवसाला? वर्षात दुसरा दिवस नव्हता?"

"सगळे एकत्र कधी असता तुम्ही?"

"मी रोज असते. तू माझ्याशी बोलत नाहीस, ही गोष्ट वेगळी."

तुपार्नाक हात पुसत टेबलाशी आली. तिने आइसलँडमधल्या एका शेतावर दोन हिवाळे काढले होते. तिकडची थंडी, तिकडची बोली, पहाटे चारला मेंढीच्या पोटात हात घालून अडलेलं कोकरू फिरवणं, सगळं या घरासाठी शिकून आली. नवरा वर्षातले बहुतेक महिने मासेमारी जहाजावर असे, म्हणून कळप तीच ओढत होती.

"दोनशे म्हणजे मी जायचं," ती म्हणाली. "शहरात नोकरी बघायची. सरळ सांगा ना, अप्पा."

"असं मी म्हटलेलं नाही."

"मग मी जेवणार काय, कुत्र्याचं?"

"अप्पा चुकत नाहीयेत, तुपा," सालिक म्हणाला. आबियाने चमकून मुलाकडे पाहिलं. त्या बाजूने मदत येईल अशी त्याची अपेक्षा नव्हती. "गवत नाही तर नाही. समुद्र काही वाळत नाही. माझ्या होडीत जागा आहे."

"तुझ्या होडीत मला ओकारी येते, दादा."

"सवयीने जाते."

"तुला का नाही झाली मग मेंढ्यांची सवय?"

सालिक हसला, पण आबिया हसला नाही. पिपालुक चमच्याने केकचं क्रीम वरच्या वर काढून खात होती.

"जूनमध्ये नळ टाकू दिला असता," तुपार्नाक म्हणाली, "तर आज हे बोलणं निघालंच नसतं."

"त्या दगडांना हात लावायचा नाही. बाबांनी सांगितलंय."

"मी?" पिपालुकने तोंड भरलेलं असताना विचारलं. "मी कधी सांगितलं?"

बोलेत्ते इतकी हसली की तिला ठसका लागला. सालिकने तिच्या पाठीवर थोपटलं. आबियाचे कान लाल झाले.

"मोठ्यांचं बोलणं चाललंय, बाबा."

"मी मोठा नाही का? तुझा बाप आहे."

"अप्पा," सालिक मध्येच म्हणाला. "ते दगड जिथे आहेत, तिथून एक हिरवी रेघ खाली येते. ती कसली?"

"कुठली रेघ?"

"तुम्हाला इथून दिसायची नाही. पाण्यावरून दिसते." त्याने कॉफीत बोट बुडवलं आणि मेणकापडावर काढून दाखवलं. "हे तळं. हे तुमचे दगड. इथून अशी निघते, अशी, आणि इथे बांधाला टेकते. आखून काढल्यासारखी."

"इथे कोल्ह्याचं बीळ आहे," तुपार्नाक हळूच म्हणाली.

"बाकी डोंगर करपलाय, आणि तेवढी रेघ हिरवी. खाली पाणी असल्याशिवाय?"

तुपार्नाकने भावाकडे पाहिलं. एवढी वर्षं ती त्या डोंगरावरून दिवसातून दोनदा जात होती.

बोलेत्तेचं हसू मात्र केव्हाच थांबलं होतं. मेणकापडावरची ती ओली रेघ ती बघत होती, आणि तिला एक आवाज ऐकू येत होता जो तिने सत्तरहून जास्त वर्षांत ऐकला नव्हता. ती सहा वर्षांची. आईच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या टोपरात तान्हा आबिया. बाबा गुडघाभर पाण्यात उभे, आणि ती किनाऱ्यावरून गोल दगड उचलून त्यांच्या हातात देतेय. एकेक दगड बसला की पाण्याचा आवाज बारीक होई. शेवटी थांबलाच.

"बाबा दार लावत होते," ती म्हणाली.

"कसलं दार?"

"पाण्याचं. तेच म्हणाले तसं. बोले, दगड दे, पाण्याचं दार लावू." तिने ओठ ओले केले. "तेव्हा खालच्या कुरणात चिखल होता रे, आबिया. नुसता चिखल. मेंढ्यांचे खूर सडायचे. पहिल्या वर्षी चाळीस होत्या, त्यातल्या अकरा गेल्या. जुन्या लोकांनी पाट काढलेला होता, त्यांना पाणी हवं असेल. बाबांना नको होतं. म्हणून बंद केलं."

"मग जुने लोक रागावतात ते?"

बोलेत्तेने नातीकडे एकदा बघितलं, मग टेबलाकडे.

"दुसऱ्या दिवशी मी एक दगड काढला. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. आणि कापून वाळत घातलेलं गवत सगळं भिजलं. बाबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. आणि मग म्हणाले, पुन्हा हात लावलास तर जुने लोक रागावतील." ती थांबली. "मला मार लक्षात राहिला. कशासाठी तो खाल्ला, ते आता आठवतंय."

"म्हणजे ते फक्त तुला घाबरवायला?" आबियाने विचारलं.

"सहा वर्षांच्या पोरीला आणखी काय सांगणार? आणि मग मी तुला सांगितलं. तू ह्यांना."

आबिया कप बशीत फिरवत बसला. तुपार्नाक वाट बघत राहिली. घाईने बोललं तर तो आत वळतो, हे तिला चाळीस वर्षांत कळलं होतं.

"असेल," तो शेवटी म्हणाला. "पण ते दार बाबांनी लावलंय. मी नाही उघडणार."

"तुला कोण सांगतंय उघड म्हणून?" बोलेत्ते म्हणाली. "ज्याने लावलं तो उघडेल. तो बघ, केक खातोय."

चौघांचे डोळे वळले तशी पिपालुकने चमचा खाली ठेवला. तिने लगेच हो म्हटलं नाही. कपाळाला आठी घालून ती मेणकापडावरची रेघ बघत होती, आणि आबियाला त्या आठीकडे बघवेना, कारण ती त्याच्या ओळखीची होती.

"आणि पुन्हा चिखल झाला तर?" तिने विचारलं.

"तर पुन्हा लाव."

"एवढे दगड? मी एकटी?"

"मागच्या वेळी तरी कोण देत होतं?" बोलेत्ते म्हणाली. "मीच ना?"

पिपालुकने मान हलवली. "बरं. पण बूट बदलते आधी."

*

निघण्याआधी तुपार्नाकने शहरातल्या संग्रहालयात फोन केला, कारण जुन्या लोकांच्या कुठल्याही दगडाला विचारल्याशिवाय हात लावायची मनाई होती. पलीकडच्या बाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं. तुमच्या आजोबांनी ठेवलेले दगड हाताने काढा, त्या म्हणाल्या, कुदळ-फावडं नको, खणू नका, प्रत्येक दगडाचा फोटो ठेवा, आणि गुरुवारी मी येतेच.

आबिया आला नाही. गुडघ्याचं कारण सांगून तो बांधाकडे गेला. बोलेत्ते सालिकच्या मागे चारचाकी मोटरसायकलवर बसून आली, आणि येताना सालिकला सारखी हळू म्हणाली, मग म्हणाली, जरा जोरात.

दगडांवर शेवाळ होतं, मऊ आणि जाड. माश्या डोळ्यांत शिरत होत्या. तुपार्नाक गुडघ्यांवर बसली.

"यातले आजोबांचे कुठले, हे कसं ओळखायचं, आत्या?"

"हात फिरव. जुन्या लोकांचे चपटे, खाली, एकावर एक नीट बसवलेले. ते पाट बांधत होते, त्यांना वेळ होता. बाबांचे गोल. किनाऱ्यावरचे. सहा वर्षांच्या पोरीला उचलतील एवढेच." तिने पिपालुकला जवळ ओढलं आणि तिचे हात एका दगडावर ठेवले. "हा बघ. गोल आहे की नाही? हलवून बघ आधी. ओढायचा नाही, फिरवायचा. अडलेल्या कोकरासारखा."

पिपालुकने फिरवला. दगड हलला नाही. तिने पाय रोवले, दात दाबले, पुन्हा फिरवला, आणि तो चिखलातून सुटताना असा आवाज झाला की ती मागे बसलीच. दगडाच्या जागी काळं पाणी चढलं. क्षणभर ते थांबलं. मग कड ओलांडून निघालं.

बोलेत्तेने डोळे मिटून घेतले. "हां," ती म्हणाली. "हाच."

त्यांनी एकवीस दगड काढले. तुपार्नाकने एकवीस फोटो काढले. पाणी मांडीएवढं जाड झालं, उतारावरून वीस-पंचवीस पावलं धावलं, आणि गवताखाली शिरून दिसेनासं झालं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वरून पाणी जात होतं आणि खाली कुठेच निघत नव्हतं.

"जमीन पितेय सगळं," तुपार्नाक म्हणाली. तिचा आवाज तिलाच आवडला नाही. "तीन वर्षांची तहान आहे. कुरणापर्यंत काय उरणार!"

सालिक उत्तर न देता खाली गेला. हिरव्या रेघेवर तो पालथा झोपला आणि कान जमिनीला लावला, बर्फावर सीलच्या श्वासाच्या भोकापाशी लावतात तसा. एक हात वर केला: गप्प. पिपालुकने श्वाससुद्धा धरून ठेवला.

"चाललंय," तो म्हणाला. "दगडांवरून चाललंय. मातीत नाही." तो उठला, तीस पावलं खाली गेला, पुन्हा झोपला. "इथपर्यंत आलंय." पुन्हा उठला. "इथे अजून नाही. थांबा. थांबा. आलं!"

"दादा," तुपार्नाक म्हणाली, "अप्पांनी तुला कळपामागे उगाच पाठवलं. पाण्यामागे पाठवायला हवं होतं."

"तेच तर मी अठराव्या वर्षी सांगत होतो," सालिक गवतात तोंड असतानाच म्हणाला.

*

आबिया सपाट दगडावर बसला होता. त्याला वरची माणसं दिसत होती, ठिपक्यांएवढी. त्याचा थोरला सारखा उठत आणि झोपत होता, आणि नात त्याच्या मागे तसंच करत होती. काय चाललंय ते त्याला कळेना. त्याने ठरवलं होतं की काही होणार नाही, आणि मग संध्याकाळी तुपार्नाकशी नीट बोलायचं. तिला जाऊ द्यायचं नव्हतं. ते कसं सांगायचं, हे मात्र त्याला सापडत नव्हतं.

शेजारच्या बिळातून आधी वारा आला. थंड, तळ्याच्या तळासारख्या वासाचा. मग माती खसखसली. कोल्हाच परत आला की काय, म्हणून आबिया वाकला.

बिळातून सुकी पानं बाहेर आली, मग कोळी, मग लोकरीचा एक जुना पुंजका, आणि त्यामागून गढूळ पाणी. भीत भीत आलं. बांधाच्या पायाशी खळगा होता तो आधी भरला. मग कुरणाच्या तोंडाशी त्याचे दोन फाटे झाले, कारण तिथे गवताखाली दोन चर होते, जे आबियाने आयुष्यभर मेंढ्यांच्या वाटा समजले होते. पाणी एकेका चराने कुरणात शिरलं. भेगा पडलेली जमीन ते घेताना बुडबुडे सोडत होती.

आबियाचे बूट भिजले. त्याने पाय उचलले नाहीत.

पिपालुक पहिली पोचली, धापा टाकत, नव्या अनोरकवर कोपरापर्यंत चिखल. ती पाण्याच्या पलीकडे उभी राहिली. मागून तुपार्नाक आली, आणि बापाचा चेहरा बघून थोडी लांबच थांबली.

"जास्त झालं तर सांग, पोरा," पिपालुक म्हणाली. "दोन दगड परत लावू. कुठले ते मी बघून ठेवलेत."

आबियाने मान डोलावली. मग मुलीकडे बघून म्हणाला, "तुपा, ऑगस्टच्या शेवटी कापणी करू. उशीर झालाय, पण होईल. कळपाला हात लावायचा नाही. चारशे वीस."

"आणि नाहीच वाढलं तर?"

"तू आहेस ना बघायला."

तुपार्नाक खाली बसली आणि एका चराच्या तोंडाशी अडकलेली पानं हाताने बाजूला करू लागली.

आबियाने पाण्यात हात बुडवला. ते इतकं गार होतं की हाडं दुखली. चौऱ्याहत्तर वर्षं तो या बांधावर बसला होता. त्यातली पासष्ट बाबांच्या शेजारी.

"बाबा," तो म्हणाला, अगदी हळू, पलीकडे ऐकू जाईल की नाही इतकं. "एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीत?"

पिपालुकने विचार केला. नाकावरची माशी उडवली, आणि कपाळाला तीच आठी घातली.

"तू विचारलंस कधी, पोरा?"

बोलेत्ते वरून ओरडत होती की मला कुणीतरी उतरवून घ्या, आणि कॉफी ठेवा, मघाची गार झाली असेल. आबिया उठला. पाणी टाळून जायला वाट नव्हती, म्हणून तो सरळ पाण्यातूनच गेला, आणि पलीकडे पोचून त्याने आपल्या बाबांचा चिखलाने भरलेला हात धरला.